इचारा तं खरं : मेंब्रेनमधलं प्रोटीन अन् लिपिडची मर्जी

मागच्या अंकात पेशीवर दोन पानं लिहिली होती. त्यात मेंब्रेनबद्दल, म्हणजे पेशीच्या भोवतालच्या पातळ पडद्याबद्दल, एकच ओळ होती, की लिपिडचे, म्हणजे तेलकट रेणूंचे, दोन थर अन् त्यात रुतलेले प्रोटीन. पत्रं अन् व्हॉट्सॲप सगळे त्या एका ओळीवर आले! म्हणून यावेळी बाकी प्रश्न बाजूला ठेवले, खतावाल्यांनी अन् वीजबिलवाल्यांनी राग मानू नये, पुढच्या अंकात तुमचाच नंबर.

सर, मी बीएस्सी सेकंड इयरला आहे. पुस्तकातल्या चित्रात प्रोटीनला रंग देतात, नावं देतात, अन् लिपिड म्हणजे नुसतं गोल डोकं अन् दोन शेपट्या, सगळे सारखे. आम्हाला शिकवतात की लिपिड फक्त आधार देते. मग लोकं मॉडेल मेंब्रेन बनवून त्याच्यावर एवढे पेपर काऊन लिहून राहिले?
– एक विद्यार्थिनी, आर्वी

ताई, आधार देते हे खरं, पण त्यातलं "फक्त" तेवढं खोडून टाक. चित्र काढणाऱ्याचीही अडचण आहे, आपल्या शरीरात लिपिडचे शेकड्यांनी प्रकार आहेत, ते सगळे काढत बसला तर पान पुरायचं नाही, म्हणून तो एकच ठसा मारत जाते. पण त्यानं पोरापोरींच्या डोक्यात पक्कं बसते की काम करणारा तो प्रोटीन अन् लिपिड म्हणजे नुसती त्याची बसायची जागा. तसं नाही आहे. कितीतरी प्रोटीन असे आहेत की त्यांना हात न लावता नुसतं आजूबाजूचं लिपिड बदलवलं की त्यांचं काम मंदावते, कधी कधी तर पार बंद पडते.

आता हे जिवंत पेशीत दाखवायला जा, फजिती होते. तिथं एका लिपिडचं प्रमाण बदलवलं की पेशी गप बसत नाही, ती आपली आपण बाकी धा गोष्टी इकडच्या तिकडं करून घेते, मग जे झालं ते कशानं झालं हे कोणाच्या बापाला सांगता येत नाही. म्हणून मॉडेल मेंब्रेन. आपल्या पसंतीचे एकदोन लिपिड, स्वच्छ पाणी, थोडं मीठ, अन् एकच प्रोटीन. बाकी कोणालाच आत येऊ द्यायचं नाही.

एक उदाहरण सांगतो. स्नायू आखडला की नंतर सैल व्हायला लागते, त्यासाठी कॅल्शियम परत कोठीत ओढून नेणारा एक पंप आहे, तोही प्रोटीनच, मेंब्रेनमधे रुतलेला. हा पंप स्नायूतून वेगळा काढला, त्याचे मूळचे लिपिड काढून घेतले अन् त्या जागी दुसरे दिले. सगळ्यांचं डोकं सारखं, फरक फक्त शेपटीच्या लांबीत. १८ कार्बनची शेपटी होती तेव्हा पंप सगळ्यात जोरात चालला. १४ ची दिली तर ढेपाळला. बरं, लांब केली तर जास्त चालेल म्हणावं तर २४ लाही ढेपाळला! प्रोटीन तोच, पाणी तेच.

याचं कारण उंची. मेंब्रेनचा मधला तेलकट भाग साधारण ३ नॅनोमीटर जाड, डोकी धरून सगळं मिळून ४-५. प्रोटीनच्याही अंगाचा एक पट्टा पाण्याला टाळणारा असते, अन् त्या पट्ट्याची उंची आजूबाजूच्या तेलकट भागाशी जुळायला पाहिजे. नाही जुळली तर कोणाला तरी माघार घ्यावीच लागते, एक तर शेजारचे लिपिड ताणले नाहीतर दबले जातात, नाहीतर प्रोटीन तिरपा होते, नाहीतर तो आपल्या जातभाईंना चिकटून घोळका करते. १९८४ साली मौरित्सेन अन् ब्लूम या दोघांनी याचा हिशेब मांडला अन् त्याला मॅट्रेस मॉडेल म्हटलं, स्प्रिंगच्या गादीवर जड माणूस बसला की त्याच्या भोवतालच्या स्प्रिंगा दबतात, दूरच्या जशाच्या तशा, तसंच. त्या कॅल्शियमच्या पंपाला एका वेळी चिकटून असणारे लिपिड जवळपास ३० निघाले. म्हणजे अख्ख्या मेंब्रेनशी त्याचा रोजचा संबंध नाही, हे तीसेक शेजारीच काय ते त्याचं सुखदुःख ठरवतात.

पण माझ्या आवडीचं उदाहरण दुसरंच आहे, ग्रामिसिडिन. मातीतल्या एका बॅक्टेरियाकडून १९३९ मधे रेने दुबोस यानं मिळवलेलं अँटिबायोटिक, फक्त १५ अमिनो ॲसिडचा (अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी) तुकडा, एवढासा, की मेंब्रेनची अर्धीच जाडी पार होते. त्याचं काम बघायचं तर टेफ्लॉनच्या पातळ पडद्याला मिलिमीटरभराचं भोक पाडायचं, पडदा मिठाच्या पाण्यात उभा करायचा अन् बारीक ब्रशनं त्या भोकावर लिपिड फासायचं. ही युक्ती म्युलर, रूडिन अन् मंडळींनी १९६२ मधे दाखवली. सुरुवातीला भोकावर साबणाच्या फेसावर दिसतात तसे रंग फिरतात, मग हळूहळू एक काळा ठिपका पडते अन् पसरत जाऊन सगळं भोक काळं होते. काळं म्हणजे भोक फुटलं नाही बरं का, उलट थर इतका पातळ झाला की त्याच्यावरून उजेड परत येतच नाही. हीच आपली मेंब्रेन, फक्त दोन थर. दोन्हीकडं तार सोडून व्होल्टेज लावा, करंट जवळपास शून्य, कारण आयन, म्हणजे मिठाचे चार्ज असलेले कण, या तेलातून जाऊच शकत नाही. आता चिमूटभराचाही कितवा तरी हिस्सा ग्रामिसिडिन टाका, अन् कागदावरची करंटची रेघ एकदम एक पायरी वर चढते, थोड्या वेळानं तेवढीच खाली उतरते, मग परत वर. हलाडकी अन् हेडन यांनी १९७० मधे हे नोंदवलं. एक पायरी म्हणजे वरच्या थरातला एक रेणू अन् खालच्या थरातला एक रेणू समोरासमोर येऊन जुळले अन् आरपार नळी तयार झाली. खाली उतरली म्हणजे जोडी तुटली. एकेका रेणूची ये-जा डोळ्यासमोर रेघेवर! अन् आता मुद्द्याची गोष्ट, जास्त जाडीचं लिपिड वापरलं तर हीच नळी कमी वेळ टिकते, कारण दोघांना भेटायला मेंब्रेन आत ओढून पातळ करावी लागते अन् ती परत ताठ होऊन त्यांना वेगळं करते. नळीनं किती वेळ उघडं राहायचं हे इथं लिपिड ठरवते. हे तुमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत लिहून ठेव, व्हायव्हाला कामी येईल.

महोदय, दोन थर आहेत हे कोणी डोळ्यांनी पाहिले आहे काय, की सगळा अंदाज?
– सेवानिवृत्त शिक्षक, मेहकर

गुरुजी, आधी हिशेबानं कळलं, दिसलं मागून. पाण्यावर तेलाचा एकच रेणू जाडीचा थर मोजायची पद्धत मुळात स्वयंपाकघरात सुरू झाली. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स बाई घरी आईवडलांचं करता करता पत्र्याच्या भांड्यात पाण्यावरच्या थराचे प्रयोग करायच्या, कॉलेजचं शिक्षण नाही, लॅब नाही. त्यांनी इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं अन् रॅलींनी ते १८९१ मधे नेचर या विज्ञानाच्या मासिकात छापून आणलं. पुढं अमेरिकेच्या लँगम्यूर या शास्त्रज्ञानं तेच भांडं सुधारलं.

१९२५ मधे हॉलंडातल्या लायडनला गोर्टर अन् ग्रेंडेल यांनी माणूस, कुत्रा, बकरी, ससा अशा कोणाकोणाच्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यातलं लिपिड ॲसिटोननं काढलं अन् अशाच भांड्यात पाण्यावर पसरवलं. जागा व्यापली पेशींच्या अंगाच्या दुप्पट. म्हणजे दोन थर. आता यातली गंमत अशी की दोन्ही मोजमापं चुकली होती, ॲसिटोननं सगळं लिपिड निघालंच नव्हतं अन् पेशीचं अंगही त्यांनी कमी मोजलं होतं, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन उत्तर बरोबर आलं! परीक्षेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर तुम्ही स्टेपचे मार्क कापले असते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मेंब्रेनच्या दोन काळ्या रेघा स्पष्ट दिसल्या त्या १९५० च्या दशकात, अन् प्रोटीन या थरात रुतून इकडंतिकडं सरकतात हे चित्र सिंगर अन् निकोल्सन यांनी मांडलं १९७२ मधे.

सायेब, आमच्याकडं सोयाबीनच सोयाबीन, भाव काय भेटते ते इचारू नका. बिस्किटाच्या पुड्यावर सोया लेसिथिन असं लिवलेलं असते, बाजूले ३२२ नंबर. पुतण्या नागपूरले एमएस्सी करते, तो म्हणते याच्यापासून आमी लॅबमंधी पेशी बनवतो. पोट्टं फेकून राह्यलं काय?
– एक शेतकरी, रिसोड

नाही भाऊ, पोट्टं फेकत नाही, थोडं वाढवून सांगते एवढंच. पेशी नाही, पेशीची नुसती बाहेरची पिशवी.

सोयाबीनचं कच्चं तेल निघालं की त्यात थोडं पाणी घालतात, त्यानं एक चिकट गाळ वेगळा होते, तो काढला नाही तर तेलाच्या डब्यात खाली बसते अन् ग्राहक ओरडते. तो गाळ वाळवला की लेसिथिन. बिस्कीट, चॉकलेट सगळ्यात जाते, कारण त्यातल्या लिपिडचं डोकं पाण्याकडं अन् शेपट्या तेलाकडं, दोघांनाही धरून ठेवते. पेशीच्या मेंब्रेनमधे हेच फॉस्फोलिपिड. लॅबवाले आणखी शुद्ध केलेलं आणतात अन् लय महाग आणतात, त्याच्यातलं शेतकऱ्याच्या खिशात काय येते तो वेगळ्या कॉलमचा विषय आहे.

पिशव्या कशा बनवतात ते पुतण्याला करायला लावा अन् बाजूला उभे राहून पाहा. लिपिड क्लोरोफॉर्ममधे विरघळवून गोल बुडाच्या चंबूत टाकतात, चंबू फिरवत फिरवत क्लोरोफॉर्म उडवतात, काचेला आतून पातळ पापुद्रा धरते. त्यात पाणी टाकून हलवलं की पापुद्रा सुटते अन् पाणी दुधट होते. त्या दुधटपणात पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी असलेले लायपोसोम असतात, इंग्लंडच्या ॲलेक बँगहॅमनं १९६० च्या दशकात हे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग दोन काचेच्या सिरिंज समोरासमोर लावायच्या, मधे १०० नॅनोमीटर भोकांची गाळणी, अन् या सिरिंजमधून त्या सिरिंजमधे, परत इकडं, असं ढकलत राहायचं. अंगठा दुखून येते. ढकलायचं नेहमी विषम वेळा, म्हणजे शेवटी माल दुसऱ्या सिरिंजमधे येते अन् न गाळलेली घाण पहिलीत राहते. दुधट पाणी पारदर्शक होऊन त्याला निळसर झाक आली की समजा पिशव्या एकसारख्या झाल्या.

याचा उपयोग? पिशवीत चमकणारा रंग इतका ठासून भरायचा की गर्दीत तो चमकतच नाही. मग बाहेरून एखादं प्रोटीन किंवा त्याचा तुकडा टाकायचा. आग्या मोहोळाची माशी चावली की जे झोंबते त्यात मेलिटिन असते, २६ अमिनो ॲसिडचं. ते टाका, पिशवीला भोकं पडतात, रंग बाहेर येऊन पातळ होते अन् एकदम चमकायला लागते. किती चमकला त्यावरून किती फुटलं ते मोजता येते. यातूनच पुढची मोठी गोष्ट कळली. मायकल झॅस्लॉफ यांच्या लक्षात आलं होतं की बेडकाच्या पोटाला टाके घालून त्याला घाण पाण्यात सोडलं तरी जखम चिघळत नाही, अन् १९८७ मधे त्यांनी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन काढलं. त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज. बॅक्टेरियासारखी निगेटिव्ह लिपिडची पिशवी दिली तर ते धावत जाऊन चिकटते अन् फाडते, आपल्या पेशीसारखी न्यूट्रल लिपिड अन् कोलेस्टेरॉलची दिली तर फारसं ढुंकून पाहत नाही. म्हणजे शत्रू कोण अन् घरचा कोण हे त्याला लिपिडवरून कळते. कोलेस्टेरॉलला उगाच शिव्या देणाऱ्यांनी हे वाचावं.

सर, माझ्या भासऱ्यांना वावरात घोणस चावली. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई लावायच्या आधी काचेच्या नळीत रक्त घेऊन तसंच टेबलावर ठेवलं, वीस मिनिटं. आम्ही घाबरून गेलो की पेशंट सोडून हे नळी काय पाहून राहिले. आता ते बरे आहेत, पण ते काय होतं?
– एक गृहिणी, समुद्रपूर

ताई, बरे आहेत हे ऐकून बरं वाटलं, अन् मांत्रिकाकडं न नेता दवाखान्यात नेलं हे त्याहून बरं. ती नळी म्हणजे वेळ घालवणं नव्हतं. साध्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त न हलवता २० मिनिटं ठेवायचं, मग नळी तिरपी करून पाहायची. गोठलं तर ठीक, पातळच राहिलं तर विषानं रक्तातली गोठायची सामग्री संपवली. ना मशीन, ना लाइट, म्हणून खेड्यातल्या दवाखान्यात या टेस्टसारखी दुसरी टेस्ट नाही.

अन् यात आपला आजचा विषय पुरता भरलेला आहे. रक्त गोठवणारे बरेच प्रोटीन नुसते रक्तात पोहत राहिले तर काम अगदी रडतखडत करतात. त्यांना एक पाट पाहिजे बसायला, अन् तो पाट म्हणजे मेंब्रेन, तीही कोणतीही नाही, फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं निगेटिव्ह लिपिड असलेली. हे लिपिड एरवी पेशी आतल्या थरात लपवून ठेवते, त्याच्यासाठी एनर्जी खर्च करून सतत आत ओढत राहते. जखम झाली की प्लेटलेट ते बाहेरच्या थरात आणते. मग कॅल्शियम मधस्थी करते, एका बाजूनं लिपिडचं डोकं अन् दुसऱ्या बाजूनं प्रोटीनवरचे खास हात धरते. हे हात बनवायला व्हिटॅमिन के लागते, म्हणून हार्टवाल्यांना व्हिटॅमिन के अडवणारी रक्त पातळ करायची गोळी दिली की हात बनत नाहीत अन् प्रोटीन पाटावर बसतच नाही.

मॉडेल मेंब्रेनवर हे स्वच्छ दिसलं. फक्त न्यूट्रल लिपिडच्या पिशव्या दिल्या तर गोठण्याला वेग येत नाही, त्यात थोडं फॉस्फॅटिडिलसेरीन मिसळलं की येते. फॅक्टर टेन हा रक्त गोठवणाऱ्यांपैकीच एक प्रोटीन. तो एकटा, अन् तोच त्याच्या जोडीदार फॅक्टर फाइव्हसोबत, कॅल्शियम घेऊन, अशा लिपिडवर बसलेला, या दोघांच्या वेगात साधारण ३ लाख पट फरक मोजला गेला आहे. घोणशीचं विष नेमकं या दोघांनाच चालू करून देते, टेनलाही अन् फाइव्हलाही. रक्तात जागोजागी बारीक गोठणं सुरू होते, सामग्री खपून जाते, अन् मग हिरड्यातून, लघवीतून रक्त जायला लागते अन् थांबत नाही.

एवढ्यावर घोणस थांबत नाही. तिच्या विषात फॉस्फोलिपेज ए-टू पण असते, हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम वेगानं करणारं प्रोटीन, लिपिडची एक शेपटीच कापते. सुटं लिपिड पाण्यात दिलं तर ते सावकाश कापते, पण मेंब्रेनच्या थरावर बसलं की तुटून पडते. लॅबमधे ४१ अंशाला वितळणाऱ्या एका लिपिडच्या पिशव्यांवर हे टाकलं तर आधी बराच वेळ काहीच होत नाही, आलेख आडवा, पाहणाऱ्याला वाटते एन्झाइम खराब निघालं, अन् मग अचानक उभा चढते. आडवा असतानाही ते थोडं थोडं कापतच असते, कापलेले तुकडे मेंब्रेनमधे साचतात, त्यांनी थर विस्कटते, निगेटिव्ह होते, अन् मग एन्झाइमला पाय रोवायला जागाच जागा. अँटिव्हेनम, म्हणजे विषावरची सुई, लवकर देण्यात अर्थ काऊन आहे, याचा थोडा अंदाज यावरून येते. आपल्याकडचं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस अन् फुरसं या चौघांवर चालते, म्हणून साप मारून पिशवीत घालून नेत बसू नका, माणूस न्या.

आमच्या घरी सिकलसेलचा पेशंट आहे. मेंब्रेन दुरुस्त करून हा आजार बरा होईल काय?
– एक वाचक, कुरखेडा

नाही होणार भाऊ, सरळच सांगतो. मूळ बिघाड हिमोग्लोबिनमधे आहे, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन. पण मेंब्रेनचा यात हात आहे. पेशी वारंवार वाकडी होऊन सरळ होते त्या ओढाताणीत वर सांगितलेलं फॉस्फॅटिडिलसेरीन काही पेशींच्या बाहेरच्या थरात येते, मग त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, गोठायचं काम नको तिथं सुरू होते अन् शरीर त्यांना लवकर खाऊन टाकते. मेंब्रेनवर बसून तिला सांभाळेल असं पोलोक्सामर १८८ नावाचं औषध मोठ्या चाचणीत देऊन पाहिलं, दुखण्याचा काळ अपेक्षेएवढा कमी झाला नाही. मॉडेलमधे छान चाललं ते माणसात चालेलच असं नाही, लायपोसोमच्या दोन्ही थरांत सहसा सारखंच लिपिड असते, आतून आधार देणारी प्रोटीनची जाळी नसते, अन् खऱ्या तांबड्या पेशीच्या मेंब्रेनमधे वजनानं जवळपास निम्मं प्रोटीनच भरलेलं. तेव्हा डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिलं असेल तर ते मनानं बंद करू नका, ते आईच्या पोटातल्या बाळाचं असते ते हिमोग्लोबिन वाढवते अन् त्याचा फायदा पक्का आहे. घरातल्या लग्नाच्या पोरापोरींची तपासणी मात्र करून घ्या.

सर, आमची आश्रमशाळा आहे, लॅब म्हणजे एक कपाट. मेंब्रेनवर पोरांना काही करून दाखवता येईल काय?
– विज्ञान शिक्षिका, अहेरी

येते ना मॅडम. बीट आणा. त्याचे सारख्या आकाराचे तुकडे करा अन् नळाखाली धुवत राहा, पाणी रंगायचं थांबेपर्यंत, नाहीतर कापताना फुटलेल्या पेशींचाच रंग मोजत बसाल. मग एकेक तुकडा वेगवेगळ्या ग्लासात, एकात साधं पाणी, एकात कोमट, एकात ६० अंशाच्या आसपास, एकात चहाच्या पाण्याइतकं कडक, एकात साबणाचं पाणी, एकात हात धुवायचं सॅनिटायझर. बीटचा लाल रंग पेशीच्या आतल्या कोठीत असते, बाहेर यायला त्याला दोन मेंब्रेन ओलांडाव्या लागतात. कोमट पाण्यात फारसं काही होणार नाही, पण ५०-६० च्या पुढं प्रोटीन उलगडतात, लिपिड सैल पडते अन् रंग सुटते. साबण अन् सॅनिटायझरमधे गरम न करताच निघते, तिथं लिपिडवरच घाव आहे. हे खऱ्या मेंब्रेनवरचं झालं, मॉडेल नाही, पण पोरांना आधी ग्लास दाखवून मग विचारा की आधी कोण हरलं असेल, लिपिड की प्रोटीन, अर्धा तास वर्गात भांडण चालते. ग्लासांवर चिठ्ठ्या लावायला विसरू नका, अन् युनिफॉर्मवर बीट सांडलं तर लगेच धुवा, नंतर डाग हटत नाही.